कोयता आणि कट्टा एकाच रकान्यात : मोहोळच्या वाचकांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बंदुकीच्या परवान्याचे नियम सैल करू नयेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. अमेरिकेचा आकडा मी चुकीचा दिला, हा पहिला. हत्यार कायद्याखालचे गुन्हे वाढत असताना त्या कायद्याचा उपयोग काय, हा दुसरा. आणि तिसरा तुमच्या घरातला: गुंड कट्टे, म्हणजे गावठी पिस्तुलं, घेऊन मोकळे फिरतात, पण निवडणूक लागली की तुमच्या वडिलांची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, वर नूतनीकरणासाठी हेलपाटे वेगळेच.

पहिली चूक माझी. 2021 साली अमेरिकेत बंदुकीनं 48,830 माणसं गेली, त्या सगळ्यांना मी खून म्हटलं. त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या; खून सुमारे 21 हजार. लेखात दुरुस्ती केली आहे. पण आत्महत्या वेगळ्या काढल्या म्हणून माझी काळजी कमी होत नाही. घरात भरलेली बंदूक हाताशी असली, की मनातली ती काळी घटका टळायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. सोलापूरच्या कोर्टात मी बावीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. 'हत्यार कायद्याखाली इतके गुन्हे' असं पेपरात आलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिस्तूल येतं. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत जास्त करून कोयते, तलवारी आणि सत्तूरच असतात. परवाच टेबलावर दोन पंचनामे शेजारी शेजारी पडले होते. एकात 'लोखंडी कोयता, लाकडी मूठ, पात्यास गंज'. दुसऱ्यात 'गावठी बनावटीचे पिस्तूल, मॅगझिनसह, दोन जिवंत काडतुसे'. पहिल्याला कलम 4, 25 लागलंय, दुसऱ्याला 3, 25. बेरीज करताना दोन्ही हत्यार कायद्याच्या एकाच रकान्यात जातात. पहिल्या प्रकरणात तर तो कोयता ऊसतोडीचा होता की नाही, यावरच माझा युक्तिवाद आहे, कारण निव्वळ शेतीकामासाठी किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू 1959 च्या हत्यार कायद्यानं हत्याराच्या व्याख्येतून वगळली आहे.

याहून मोठी गफलत पुढे आहे. देशाच्या गुन्हे आकडेवारीत एका प्रकरणाला अनेक कलमं लागली असतील, तर सगळ्यांत गंभीर तेवढंच मोजतात. गोळी घालून खून झाला, की ते प्रकरण खुनाच्या खात्यात मांडलं जातं. हत्यार कायद्याच्या आकड्यात ते दिसतच नाही. म्हणजे जी बंदूक चालली ती या आकड्यातून गायब, आणि मोटारसायकलच्या सीटखाली सापडलेला कोयता मात्र त्यात हजर. गड्ड्याची यात्रा, गणपती, निवडणुका अशा वेळी झडत्या वाढतात, तसे गुन्हेही वाढलेले दिसतात. हा आकडा घेऊन कायदा फसला म्हणता येत नाही, आणि यशस्वी झाला असं मलाही म्हणता येणार नाही. माझी मागणी एवढीच आहे, की जिल्ह्याची आकडेवारी देताना 3, 25 आणि 4, 25, म्हणजे बंदुका आणि कोयत्यासारखी हत्यारं, वेगळे छापा, आणि बंदूक असेल तर ती परवान्याची की विनापरवाना, तेही लिहा. आरोपपत्रात हे सगळं आधीच असतं.

आता तुमच्या वडिलांचं. बंदुकीनं होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारं विनापरवाना असतात, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मध्य प्रदेशातलं उमरटी, बिहारमधलं मुंगेर, तिथून हा माल येतो. म्हणूनच हत्यार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं बेकायदा हत्यारं बनवणाऱ्या-विकणाऱ्याची शिक्षा किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी केली. त्याच दुरुस्तीनं परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली आणि वरातीत बार उडवणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड ठेवला. वरातीत मिरवायला निघते ती परवान्याचीही असते, दादा. छतावर उभ्या पोराला लागलेली गोळी परवाना बघून लागत नाही. इथे मी मागे हटणार नाही.

मात्र सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा, असं निवडणूक आयोगही सांगत नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांचे परवाने तपासायचे आणि छाननी समितीनं ठरवायचं. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला त्याच रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना हत्यार कायद्याच्या कलम 13 मध्येच धरलेला आहे; वडील कुणाची मेहेरबानी मागत नाहीत.

नूतनीकरणाच्या अर्जाची पोच जपून ठेवा. नकार आला तर लेखी कारण मागा. जनहिताला बाधा येते असं अधिकाऱ्यांचं मत असेल तेवढं सोडून, कलम 14 प्रमाणे ते द्यावं लागतं, आणि कलम 18 खाली अपील करता येतं. नकाराचं पत्र हातात पडलं की मुदतीकडे लक्ष ठेवा आणि सगळे कागद घेऊन वडिलांसोबत मला भेटायला कोर्टात या.