तुमचंच गाणं आहे न्हवं, मग परत कधीही म्हणा की

काल सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या एका कॅफेत अकूस्टिक इव्हिनिंग होती. नाव सांगत नाही, परत काम लागेल. मी माझं ‘किती फूट झालं’ म्हणत होते. २०१९ च्या पुरावरचं. ऑगस्ट लागला की आपल्याकडं सकाळी चहाच्या आधी आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते विचारतात, चाळीसला इशारा पंचेचाळीसला धोका हे पोराटोरांना पाढ्यासारखं पाठ, त्याच्यावरच आहे गाणं. त्याला गिटार पण वेगळी लावावी लागते, डॅडगॅड नावाच्या ट्यूनिंगमध्ये, तीन तारा खाली उतरवायच्या, आणि कॅफेतल्या एसीच्या झोताखाली त्या तारा एका जागी थांबतील तर शपथ.

तर दुसरं कडवं संपलं. आता गाण्यात पाणी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागतं, तिथं मी गिटार हातानं दाबून पूर्ण बंद करते, दोन मात्रा काहीच नाही, मग नुसत्या आवाजात ध्रुवपद. ह्या दोन मात्रांसाठी मी कितीतरी रात्री घालवल्यात. त्या दोन मात्रांत मालक आला. माझ्या माइकवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, एक मिनिट, सहा नंबरला केक आलाय, जरा ते बर्थडेचं वाजवा की." म्हटलं हे संपू द्या, मिनिटभर राहिलंय. त्यावर म्हणतो, "तुमचंच गाणं आहे न्हवं, मग परत कधीही म्हणा की."

तुमचंच आहे न्हवं! अरिजितचं चालू असतं तर थांबला असता हो हा माणूस. केक वितळू दिला असता. पण गाणं माझं, म्हणजे घरचंच, कुणाचं काही अडत नाही, फ्रीजमध्ये ठेवा आणि उद्या गरम करून वाढा. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सहा नंबर टेबलवाले सगळे नदीकाठच्या गावभागातलेच असणार, ह्यांच्याच घरात पाणी शिरलं असेल, ह्यांनीच गाद्या आणि टीव्ही माळ्यावर चढवले असतील, पण पुराचं गाणं चालू असताना एक काकू शेजारणीला सांगत होत्या, "काय सॅड सॅड लावलंय."

त्यात साउंडवाला. दिवसभर मंडळाचा डीजे आणि संध्याकाळी आमचं अकूस्टिक. डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज मिक्सरला नीट जावा म्हणून मध्ये लावतात ती डबी, आणलाय का विचारलं तर म्हणे कुठला बॉक्स, दोन्ही बॉक्स लावलेत की बाहेर. गिटार तशीच मिक्सरला खुपसली, तिचा आवाज पत्र्यावर वाळू पडल्यासारखा येतोय, आणि माझ्या आवाजाला इको. दादा इको काढा. "राहू द्या ताई, भारी वाटतंय." मी ‘पाणी’ म्हटलं की हॉलमध्ये पाणी पाणी पाणी पाणी. लोकांनी वेटरला हाक मारली, मी काय बोलणार.

आता खरं तर स्वाभिमानी कलाकारानं काय करावं? गिटार केसमध्ये टाकावी आणि निघावं. मी काय केलं? डॅडगॅडमध्येच बर्थडेचं वाजवलं. वर दुसऱ्यांदा घेताना खालची हार्मनी पण टाकली. कारण वाईट वाजवायला हात धजावत नाही, ही माझी खोड. ते गाणं तीनच्या चालीत, पब्लिकच्या टाळ्या चारमध्ये, आणि मी सहा नंबर टेबलाला भुवया उडवून दादरा शिकवतेय. ज्याचा वाढदिवस तो पोरगा टेबलाखाली बसून मोबाइलवर गेम खेळत होता. टाळ्या मात्र कडकडून पडल्या हां, संध्याकाळभरात तेवढ्याच. म्हणजे उद्या माझी मुलाखत कुणी घेतलीच तर गाजलेली रचना म्हणून मला तेच सांगावं लागणार.

आणि हे कुठं, तर नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात! कुठल्याही उद्घाटनाला जा, पाहुणे १८४३ पासूनच सुरू होतात. विष्णुदास भावे, सीता स्वयंवर, मराठी रंगभूमीचा पाया, टाळ्या. अहो पण तेव्हा ते नवीनच होतं की! सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन जर भाव्यांना म्हणाले असते, आधी पब्लिकच्या ओळखीचं काहीतरी करा, तुमचं शेवटी टाइम उरला तर बघू, तर आज भाषणात काय बोलला असता तुम्ही, हळदीचा भाव?

बरं, लोकांना ऐकता येत नाही असं पण नाही. मिरजेत उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, तिथं हीच माणसं रात्र रात्र मांडी मोडून बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे हे इथलंच असं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा हिच्या-तिच्या स्टेटसला तंबोरे होते. प्रेम आहे हो संगीतावर, फक्त गाणारा आधी मेलेला पाहिजे. नाहीतर टीव्हीवर तरी यायला पाहिजे. आमची आत्या दर दिवाळीला तेच म्हणते, एवढं गातीस तर त्या टीव्हीवरच्या स्पर्धेत का जात नाहीस, आणि मी दर दिवाळीला सांगते की आत्या तिथं दुसऱ्यांची गाणी म्हणायची असतात, आणि ती म्हणते मग म्हण की, तुला कुणी अडवलंय. काय बोलायचं!

ह्या सगळ्यात एकच माणूस असा भेटला की ज्यानं आपणहून विचारलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक चाचा. गिटारचं सॅडल, तारा टेकतात ती पट्टी, घासून घ्यायला गेले होते, पैसे घेईनात, म्हणाले तुझं स्वतःचं काहीतरी वाजव. पुराचंच वाजवलं. डोळे मिटून अख्खं ऐकलं त्यांनी, दोन मात्रांसकट. मग म्हणाले, "तिसरी तार उतरलीय."

पुण्याला जा म्हणतात. गेले की. तिथं ओपन माइकला गायचे आपणच पैसे द्यायचे, वर कॉफी घ्यायची सक्ती, वाट्याला दोन गाणी, समोर ऐकायला बाकीचे गाणारे, आपापला नंबर कधी येतोय बघत बसलेले. मग स्वारगेटहून रात्रीची एसटी, आणि गिटार सीटवर ठेवली तर कंडक्टर म्हणणार ह्याचं पण तिकीट काढा. साताऱ्यात हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं तर कमालच केली, अडीच तास गाऊन घेतलं आणि पैशाचं विचारल्यावर हातात अर्धा किलो कंदी पेढे. चांगले होते, वाद नाही. पण पेढ्यावर तारांचा सेट मिळत नाही ना कुठं.

ऑनलाइनचं तर बोलूच नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचा पैशाला हिशोबच धरत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे पाहिजेत तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास लोकांनी बघायला पाहिजे. त्यासाठी रील करा म्हणे, पहिल्या तीन सेकंदात हूक पाहिजे. माझ्या गाण्यात पहिली चाळीस सेकंद नुसता पाऊस पडतो हो! मैत्रीण म्हणाली पाऊस कापून टाक. पुराच्या गाण्यातला पाऊस कापून टाकू. बरं.

हां, कालचे पैसे. ठरल्यापेक्षा कमी आले पाकिटात. विचारलं तर म्हणाला दोन कोल्ड कॉफी वजा केल्या. एक मी प्याले, मान्य. दुसरी साउंडवाल्यानं! ज्यानं मला इको लावला त्याची कॉफी माझ्या मानधनातून!! तिथं पण मी "असू दे" म्हणाले. वर "थँक यू सर" पण म्हणाले. पार्किंगमध्ये येऊन मग गाडीच्या आरशाला जे काय बोलायचं ते बोलले.

आणि आज सकाळी मेल आलाय, गाणी सगळीकडं टाकणाऱ्या कंपनीचं रिन्यूअल. वेळेत भरलं नाही तर गाणी उतरवणार. पुराचं पण. रविवारी कवठेमहांकाळला एक हळदी आहे, त्यातून निघतील तेवढे. त्यांनी फोनवरच सांगितलंय, ताई, स्वतःचं काही नको.