डोंगर संपल्यावर कुठे सरकायचं? एका फॉरवर्डला उत्तर

‘हवामानबदलाने प्रजाती नष्ट होणार ही संगणकावर रचलेली भीती आहे’ असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. शेवटी जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. आधी दोन-तीन ग्रुपांवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा तो काकांनी टाकला, वर ‘विचार करायला लावणारं’ अशी शिफारस जोडून, आणि तोही गावाच्या ग्रुपवर, जिथे सड्यावरची, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळ-पठारावरची, जमीन विकायची की नाही यावरून रोज खडाजंगी चालू आहे. काकांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलंय. दुसऱ्या कुणी टाकला असता तर एवढं लिहायला बसलो नसतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘२०५० पर्यंत दहा लाख प्रजाती संपणार’ म्हणून घाबरवलं, झालं काहीच नाही. ज्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही ते २०७० सालची झाडं काय सांगणार? निसर्ग आपली सोय आपण बघतो, उकाडा वाढला की झाडं-प्राणी वर थंड जागी सरकतात. कार्बन डायऑक्साइड हे तर झाडांचं खाद्य, जग उलट हिरवं होतंय. आणि असली भाकितं करणारी संगणकी मॉडेलं एसीत बसून बनतात, तेव्हा झाडं-प्राण्यांच्या नोंदी घेणारे हे सर्व्हे बंद करा.

पहिल्या मुद्द्यावर मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यावं लागेल, नाइलाजाने. जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये ख्रिस थॉमस आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. जगाच्या साधारण २० टक्के जमिनीवरच्या १,१०३ प्रजाती घेऊन त्यांनी हिशेब मांडला होता : तापमानवाढ मध्यम राहिली तरी २०५० पर्यंत यातल्या १५ ते ३७ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेला लागतील. म्हणजे राहायची जागा इतकी आक्रसेल की पुढे टिकाव लागणार नाही, मग शेवटचा जीव जायला शंभर वर्षं का लागेनात. ‘२०५० पर्यंत दहा लाख खलास’ हा मथळा बातम्यांनी केला आणि तो अजून फिरतोय. आकडाही नंतर उतरला. २०१५ मध्ये मार्क अर्बन यांनी १३१ अभ्यास एकत्र करून ‘सायन्स’मध्ये मांडलेली सरासरी होती ७.९ टक्के, उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर साधारण १६ टक्के, म्हणजे सहांतली एक. तर हो, भडक मथळे झाले. पण १६ म्हणजे शून्य नव्हे, आणि २०५० अजून उजाडायचं आहे.

दुसरा मुद्दा इतका जुना आहे की त्यावर वेळ घालवायचा कंटाळा येतो. ही मॉडेलं पाऊस सांगतच नाहीत. एखादी वनस्पती आजवर कुठे कुठे सापडली त्या जागा घ्यायच्या, तिथलं अनेक वर्षांचं सरासरी तापमान, पाऊस, कोरड्या महिन्यांची लांबी बघायची, तिला काय मानवतं ते त्यावरून काढायचं आणि उद्या तसं हवामान कुठे उरेल ते नकाशावर रंगवायचं. काका, हापूसचं कलम देवगडला लावायचं, महाबळेश्वरला नाही, हे तुम्ही कुठल्या वेधशाळेला विचारून ठरवलंत? तोच हिशेब हजारो नोंदींवर करायचा, एवढंच.

आता तिसरा मुद्दा. ‘वर सरकतील.’ मेसेजमधली ही ओळ सगळ्यात गोड आहे आणि सगळ्यात घातकी, कारण ती अर्धी खरी आहे.

सरकतात, हे खरंच. १८४९-५० मध्ये जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिक्कीमच्या दऱ्याखोऱ्यांतून फिरला आणि कोणतं झाड किती उंचीवर दिसलं ते टिपत गेला. २००७ ते २०१० या काळात दिल्ली विद्यापीठाच्या महाराज पंडित यांच्या गटाने त्याच भागात जाऊन पुन्हा नोंदी घेतल्या. फक्त त्या प्रदेशातच सापडणाऱ्या १२४ वनस्पती त्यांनी तपासल्या. त्यांतल्या ८७ टक्के वनस्पतींचा पट्टा हललेला निघाला, दर दशकाला सरासरी साडेसत्तावीस मीटर वर. अगदी उंचावरच्या पट्ट्यात तर आता हूकरच्या काळापेक्षा जास्त प्रजाती आहेत. हे सगळं २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये छापून आलं. मेसेजवाल्याने हा निबंध वाचला असता तर आनंदाने उड्या मारल्या असत्या.

पण जागा बघा की! सिक्कीमच्या डोक्यावर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे दोन अंश वाढले तर तोच गारवा मिळवायला तीनशे मीटर वर जायला हवं. कासचं पठार आधीच बाराशे मीटरच्या आसपास आहे. तिथून तीनशे मीटर वर काय आहे? ढग आहेत. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो, म्हणजे वर पोचलेल्यांनाही जागा कमीच.

माथ्यावर पोचल्यावर काय होतं तेही बघून झालंय. पेरूमधल्या पँटियाकोया नावाच्या डोंगरावर १९८५ मध्ये जॉन फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. २०१७ मध्ये बेंजामिन फ्रीमन आणि मंडळी त्याच डोंगरावर पुन्हा गेली. मधल्या काळात तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास वाढलं होतं. पक्षी वर सरकले होते, अगदी मेसेजमध्ये म्हटलंय तसे. आणि पूर्वी माथ्यावर सहज दिसणारे काही पक्षी तिथे उरलेच नव्हते. ज्यांना डोंगरच नाही त्यांची कथा आणखी छोटी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचं एक चिमुकलं बेट आहे, समुद्रापासून जेमतेम तीन मीटर उंच. तिथे एका जातीचा उंदीर राहायचा, जगात फक्त तिथेच. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा आत येऊन त्याचं गवत गेलं. २००९ नंतर तो कुणाला दिसला नाही, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. ‘झालं काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी ब्रॅम्बल के हे नाव लिहून ठेवावं.

आता आपल्या सड्याकडे येऊ, कारण ग्रुपवर मेसेज टाकून झाल्यावर खाली लगेच कुणीतरी लिहिलं, ‘सड्यावरचं गवत वाचवायला कशाला हवं, जाईल वर डोंगरात.’ सड्यावर मे महिन्यात बघितलं तर करपलेला जांभा, बाकी काही नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा. दोन पाऊस झाले की त्याच दगडातल्या खळग्यांत, बोटभर मातीत, पांढऱ्या फुलांची दीपकाडी उभी राहते, मग गवत, मग बारीकबारीक फुलांचे गालिचे. दीपकाडी ही कोकणातल्या सड्यांचीच. तिला नुसता गारवा पुरत नाही. जांभा लागतो, उघडं ऊन लागतं, पावसात ओला आणि नंतर खडखडीत कोरडा होणारा तो उथळ खळगा लागतो. सड्यावरून पूर्वेला निघा : आधी बागायत, मग हायवे, मग रान, मग सह्याद्रीचे काळ्या दगडाचे कडे. जांभा पुन्हा भेटतो तो थेट वर घाटमाथ्याच्या काही पठारांवर. जमिनीत रुजलेला कंद तिथवर जाणार कसा, एसटीने?

गंमत म्हणजे ‘सरकतील’ हेसुद्धा एक मॉडेलच आहे, फक्त आकडेमोड न केलेलं. २००४ च्या ज्या निबंधाला मेसेज शिव्या घालतो, त्यात दोन्ही बाजूंनी हिशेब केलेला होता : प्रजाती हव्या तिथे पोचू शकल्या तर किती टिकतील, आणि अजिबात हलू शकल्या नाहीत तर किती. बहुतेक जीव या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. पक्षी पहिल्या टोकाच्या जवळ, दीपकाडी दुसऱ्या. मेसेजवाल्याने पहिलं टोक उचललं आणि ते सगळ्यांना लावलं. काका, सडा विकायचा की ठेवायचा ते गाव बसून ठरवेल. कर्ज, भाव, पाणी, कारणं काय हवी ती धरा. ‘तिथलं सगळं वर जाईल’ हे कारण तेवढं त्यातून काढून टाका.

चौथा मुद्दा : जग हिरवं होतंय. होतंय, उपग्रहावरून दिसतंय, आणि कार्बन डायऑक्साइडचा त्यात हात आहे हेही मान्य. पण भारतातली ही हिरवाई कशाची? २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आलेल्या चि चेन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्यातली ८२ टक्के शेतीची. ऊस आणि गहू वाढले म्हणून रानातला शेकरू सुखी झाला असं होत नाही. आणि रानात घाणेरीचं उपरं झुडूप माजलं तरी उपग्रहाला ते हिरवंच दिसतं.

एसीचा मुद्दा मात्र मला खरंच लागला. मॉडेलच्या नकाशावरचा एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी चिखल तुडवत, जळवा झटकत घेतलेली नोंद असते. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांवर गावाचं नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. मॉडेलवाले ते खोदून काढतात. कॅलिफोर्नियात जोसेफ ग्रिनेल या प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेमिटीत लहान सस्तन प्राण्यांच्या नोंदी घेतल्या, शंभर वर्षांनी लोक तीच टिपणं घेऊन तिथे गेले. तपासलेल्या २८ प्रजातींपैकी निम्म्या सरासरी ५०० मीटर वर गेलेल्या आढळल्या, आणि उंचावर राहणाऱ्यांचे पट्टे आक्रसलेले.

मॉडेलं कच्ची असतात का? असतात, आणि ती कुठे कच्ची असतात हे मेसेजवाल्यापेक्षा ती बनवणाऱ्यांना जास्त माहीत असतं. नोंदी रस्त्याकडेच्या जास्त आणि आतल्या रानातल्या कमी मिळतात. एक किलोमीटरच्या चौकोनात घाटाचा कडा आणि तळ एकाच रंगात जातो, कपारीतला गारवा दिसतच नाही. घाणेरीसारखी उपरी वनस्पती इथे येऊन तिच्या मूळ मुलखात कधी राहिली नाही अशा हवेतही पसरते, तेव्हा मॉडेल तोंडघशी पडतं. यातल्या बहुतेक दुखण्यांवर औषध एकच : जास्त नोंदी, जास्त जागी, जास्त वर्षं. मेसेजच्या शेवटी मागणी काय, तर सर्व्हे बंद करा. म्हणजे मॉडेल कच्चं म्हणून ओरडायचं आणि ज्याने ते पक्कं होईल तेच तोडायचं.