सूचक

आमच्या घरासमोरून एक नाली जाते. जाते म्हणजे काय, उभीच असते. बांधणाऱ्यानं उतार नेमका उलट्या बाजूनं दिला म्हणून चार घरचं मोरीचं पाणी आमच्या दारात येऊन मुक्कामाला थांबते, अन् भादव्यात तं पाहुणे थेट आंगणात येतात.

तं झालं असं, पंचायतीनं सामान्य स्वच्छता कर वर्षाला तीस रुपयानं वाढवायचं काढलं. तीस रुपये म्हणजे दोन प्लेट तर्री पोहे पण नाही होत, हे मला कळते, पण तुंबलेल्या नालीसाठी जास्तीचे पैसे कायले द्यायचे, प्रश्न तत्त्वाचा होता. त्यासाठी ग्रामसभेची दवंडी झाली तेव्हा बाजूच्या लग्नात डीजे सुरू होता, त्यामुळे मला फक्त शेवटचा 'होssss' ऐकू आला.

पहिल्या सभेला आम्ही तेवीस जण. ग्रामसभेला गावातले 15 टक्के मतदार नाही तं 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात, म्हणून सचिव साहेबांनी घड्याळ पाहिलं, सभा तहकूब, घरी जा. आठ दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा आलो अकरा. पण तहकूब झालेल्या सभेला कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागत नाही म्हणते कायदा! म्हणजे तेवीस कमी पडले अन् अकरा पुरले, हे गणित मास्तर असलेल्या माझ्या साळ्यालाही अजून सुटलं नाही.

मी मात्र तयारीनं गेलो होतो. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात आहे, त्यानं फोनवर सांगितलं होतं की काका, इकडे 1996 साली लोकांनी मतदान करून प्रपोझिशन 218 नावाचा नियमच आणला, गटाराचा दर वाढवायचा तं सुनावणीच्या 45 दिवस आधी प्रत्येक घरमालकाला टपालानं चिठ्ठी येते, अन् निम्म्याहून जास्त मालकांनी लेखी नाही म्हटलं तं वाढ रद्द. वरून काही शहरात गटाराचं बिल हिवाळ्यातल्या पाण्यावरून काढतात, काहून का उन्हाळ्यात पाणी लॉनवर जाते, गटारात नाही जात.

मी उठलो अन् म्हणलो, "साहेब, आपल्याकडेही हिवाळ्याच्या पाण्यावर घ्या. उन्हाळ्यात आमचं पाणी कूलर पिते."

झालं! राजेहो, इतका वेळ झोपलेली सभा उठून बसली.

"बरोबर आहे, कूलरचं पाणी उडून जाते, उडालेल्या पाण्याचा कर कायले?"

"तुह्या कूलरची टाकी गळते, ते कुठं जाते? नालीतच ना बे?"

"टाकी नाही गळत, ताट्या सडल्या, वाळा लाव म्हणलं तं ऐकत नाही."

मग अर्धा तास वाळा चांगला का लाकडाचा भुसा, यावर इतकी गंभीर चर्चा झाली की तेवढी तं सोयाबीनच्या भावावरही झाली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या आबाजीनं विचारलं, "पण आपल्या गावात नळाले मीटर कुठी हाये?" सगळे गप.

मग मी दुसरा हुकमाचा पत्ता काढला. केंद्राकडून गावाला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 30 टक्के स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेले होते, मग आमच्या खिशात हात काहून? सचिव साहेब शांत माणूस. म्हणले, "भाऊ, त्या पैशातून नाली बांधता येते, उपसणाऱ्याचा पगार देता येत नाही. अजून एक नाली बांधून देऊ का तुमच्या दारात?" नाही म्हणलो. आहे तीच पुरे. पण खरं सांगू का, माणूस बरोबर बोलला होता, बांधायच्या कामाचा नारळ फोडायला सगळे येतात, उपसायच्या कामाला कोणीच नाही येत. पुतण्याला विचारलं तं तोही म्हणे, इकडेही तेच, जमिनीखालचे पाईप म्हातारे झाले म्हणून दर वाढतो.

या विचारात मी मान हलवली. तेवढ्यात पुढून आवाज आला, "तुमचं पूर्ण नाव काय भाऊ?" मला वाटलं हरकत लिहून घेऊन राहिले. सांगितलं, सही केली, शेजारी पंख्याचं बटन शोधायला उठलेल्या दोस्ताचंही नाव घेतलं. बाहेर पडताना रजिस्टरवर नजर गेली. ठराव: करवाढ मंजूर. सूचक मी, अनुमोदक पंखेवाला.

घरी आलो तं बायको म्हणे, "आम्ही कालच्या महिला सभेत हो म्हणून आलो. पण उपसा आपल्या घरापासून सुरू करायचा, अशी अट टाकली." मला कोणी सांगितलं नव्हतं.

उपसा सुरू झाला. आमच्या दारातला गाळ खालच्या घरासमोर सरकला. काल रात्री अकरा वाजता तिकडचे काकाजी कंपाउंडवरून ओरडले, "ओ सूचक! तुमची नाली आमच्या आंगणात येऊन राह्यली!"