नुसते पिक देऊन यानिस येत नाही

माझा भाचा शाळेच्या बास्केटबॉल टीममधून पॉइंट गार्ड खेळतो. त्याने एनबीएवरचा (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगवरचा) एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, पॉइंट आहे ना?" नाही, नाहीये. एरवी मी असली फॉरवर्ड न वाचताच पुढे गेलो असतो, पण घरातलं पोरगंच हे खरं मानायला लागलं म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा. ओक्लाहोमा सिटी थंडर या टीमकडे पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचे हक्क, ढिगाने पडून आहेत. पडून राहिले की ते नासतात. ड्राफ्टमधली पोरं चॅम्पियनशिप जिंकून देत नाहीत, ते काम सुपरस्टारचं. तेव्हा सगळे पिक मिलवॉकीच्या टीमच्या गळ्यात घालायचे, त्यांचा सुपरस्टार यानिस आंतेतोकून्पो आणायचा, की दहा वर्षं ट्रॉफी ओक्लाहोमातून हलत नाही. शेवटी धमकी: "जपत बसलात तर हार्डनसारखं होईल." (हार्डन म्हणजे थंडरने २०१२ मध्ये गमावलेला स्टार.)

पोरं जिंकून देत नाहीत? थंडरने जिंकलेल्या २०२५ च्या फायनल्समध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध पाचव्या सामन्यात ४० पॉइंट काढणारा जेलन विल्यम्स २०२२ च्या ड्राफ्टमधला बारावा पिक. सातव्या सामन्यात ५ ब्लॉक मारणारा चेट होमग्रेन त्याच ड्राफ्टमधला दुसरा. पुढे बोलायची गरज नाही.

आता यानिस. इथे मला खरा राग येतो, कारण हे लिहिणाऱ्याने ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) कसा होतो हेच पाहिलेलं नाही. एनबीएमध्ये पगारमर्यादेच्या वर असलेल्या टीमला खेळाडू घ्यायचा तर साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. या हिशेबात भविष्यातल्या पिकचा पगार किती? शून्य. यानिसचा २०२५-२६ चा पगार ५ कोटी डॉलरच्या वर. म्हणजे पंधरा पिक ठेवा नाहीतर पन्नास, पगार जुळवायला माणसंच जाणार. थंडरच्या सेंटरचा, हार्टनस्टाइनचा, करार ३ वर्षांचा, ८ कोटी ७० लाख डॉलरचा. तो गेला तरी भागत नाही, सोबत बचावात तरबेज लू डॉर्टसारखा आणखी कोणीतरी हवाच. म्हणजे सेंटर गेला, समोरच्या टीमच्या सगळ्यात मोठ्या स्कोअररला अडवणारा गेला, वर पिकही गेले.

आणि हे झालं नुसतं पहिलं वर्ष. जुलै २०२५ मध्ये थंडरने तीन करार केले: शे गिल्जस-अलेक्झांडर ४ वर्षं, २८ कोटी ५० लाख, चेट ५ वर्षं, २५ कोटींपर्यंत, जेलन ५ वर्षं, २८ कोटी ७० लाखांपर्यंत. त्यात यानिस बसवला की टीम थेट 'सेकंड एप्रन'च्या, म्हणजे पगारमर्यादेच्या बरीच वर आखलेल्या कडक रेषेच्या, वर. २०२३ चा लीग आणि खेळाडू संघटनेतला करार एकदा वाचाच. या रेषेवर गेलेल्या टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, मिड-लेव्हल एक्सेप्शन (मर्यादेच्या वर असूनही मधल्या पगाराचा खेळाडू घ्यायची सवलत) मिळत नाही, आणि सात वर्षांनंतरचा स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. तिथेच मुक्काम ठोकला तर तो पिक फेरीच्या शेवटी ढकलला जातो. मग बाकीची टीम भरायची कशाने? किमान पगारावर येतील त्यांच्याने.

पिकचा खरा उपयोग तिथे आहे. पहिल्या फेरीतल्या पोराचा पगार पिकच्या क्रमांकावरून ठरतो, करार चार वर्षांचा, शेवटची दोन वर्षं टीमच्या मर्जीवर. केसन वॉलेस दहावा पिक होता. वर्षाला साधारण साडेपाच मिलियन डॉलरमध्ये तो चॅम्पियन टीमच्या रोटेशनमध्ये खेळला. तीन महागड्या खेळाडूंभोवती दरवर्षी असं एखादं पोर येत राहिलं तरच हे गणित जमतं.

हा सल्ला कोणी पाळून पाहिला नाही असंही नाही. ज्यांनी पाळला, त्यांच्यातल्या एकाचे पिक तर थंडरकडेच आले! जुलै २०१९ मध्ये लॉस एंजलिस क्लिपर्सने थंडरच्या पॉल जॉर्जसाठी पहिल्या फेरीचे पाच पिक, दोन स्वॅप (पिकची अदलाबदल करायचे हक्क), गॅलिनारी हा खेळाडू आणि वर शे गिल्जस-अलेक्झांडर दिला. जेलन त्याच पाचातला. जॉर्ज २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला निघून गेला, क्लिपर्सच्या हाती बदल्यात काहीच नाही, आणि २०२६ चा पिक तेव्हाही देणं बाकी होता. फीनिक्सने ड्युरँटसाठी दोन चांगले खेळाडू आणि चार पिक मोजले; २०२४-२५ मध्ये ३६ विजय, ४६ पराभव करून प्ले-इनलाही (प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांनाही) पोचले नाहीत. मग ड्युरँट ह्यूस्टनला.

नासण्याचं म्हणाल तर पिक म्हणजे कोथिंबिरीची जुडी नव्हे. २०२५ चा चोविसावा पिक थंडरने सॅक्रामेंटोला दिला आणि बदल्यात २०२७ चा पहिल्या फेरीचा पिक घेतला. फक्त पुढे ढकलला. बरं, एवढं कबूल की रोस्टरवर जागा पंधराच, सगळे पिक वापरता येणार नाहीत. आणि थंडरची टीम बांधणारा मॅनेजर सॅम प्रेस्टी, त्याचं सगळंच सोनं झालं असंही नाही: उस्मान जेंग या खेळाडूसाठी न्यूयॉर्कला पहिल्या फेरीचे तीन पिक दिले होते, अटींसह का होईना. तीन-चार जास्तीचे पिक देऊन बेंचवरचा शूटर आणा, माझी ना नाही. पण "सगळे द्या" हे कुठून काढलं?

राहिला हार्डन. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो ह्यूस्टनला गेला, बदल्यात जे आलं त्यातल्या एका पिकमधून स्टीव्हन अ‍ॅडम्स मिळाला. अ‍ॅडम्स गुणी खेळाडू, पण हार्डन २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. ती जागा पिकने भरून निघाली नाही, हे खरंच. पण हार्डन गेला तो नव्या कराराचे पैसे जुळले नाहीत म्हणून, पिक जपत बसल्यामुळे नव्हे. यानिसचा पगार त्या वहीत घातला की तोच वाद पुन्हा उभा राहणार, आणि या वेळी दारात उभा असेल चेट नाहीतर जेलन.