जोडीने पळायचं, तर पाणी कोण भरणार?

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि पाऊण तासात जातं. "नवरा-बायकोनं जोडीने पळायला लागा" असं सांगणाऱ्या सगळ्यांना मला आधी हे सांगायचंय.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांची शुगर काठावर आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, ह्यांनी पळायचंच ठरवलं. "तूही चल, दोघं मिळून करू," म्हणाले. मला मनापासून आनंद झाला. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण दोघांनी मिळून काही नवीन शिकायची ही पहिलीच वेळ. मोबाइलवर नऊ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. घरी बसलेल्या माणसाला ५ किलोमीटरपर्यंत नेणारा हा आराखडा जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं १९९६ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता. हे वाचून मला धीर आला.

पहिल्या महिन्यात ह्यांचे बारा दिवस झाले, माझे पाच. मला कंटाळा आला नव्हता. साडेपाचला पाणी, त्यातच लेकीच्या डब्याची भाजी, आईंचा चहा आणि त्यांची बीपीची गोळी. सहाला हे बूट घालून दारात उभे असायचे. "येतेस ना?" माझ्या हातात पाइप. "तुम्ही व्हा पुढे." आणि हे व्हायचे पुढे. घरी परत येऊन "तू नियमित येत नाहीस" असंही म्हणायचे, आणि ते मला फार लागायचं.

एका रात्री सगळं बोलून टाकलं. ह्यांनी वाद घातला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते. आता मंगळवार, गुरुवार आणि रविवार पाणी हे भरतात. कणीक मी रात्रीच मळून ठेवते, भाजी पहाटे टाकते, पोळ्या परत आल्यावर. त्या होईतोवर आईंचा चहा-गोळी हे बघतात. त्यानंतर माझा एकही दिवस चुकला नाही, पाळीचे दोन दिवस सोडून. बायको "सोबत येत नाही" अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी पहाटे साडेपाचला उठून एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघावं.

दुसरी गोष्ट वेगाची. आम्ही साताऱ्याचे, यवतेश्वर घाटाच्या बाजूला पळायला जातो. हे माझ्यापेक्षा उंच, दम चांगला, त्यामुळे पुढे जायचे आणि विजेच्या एका खांबापाशी कमरेवर हात ठेवून थांबायचे. मी धापा टाकत पोचले, की "चल" म्हणून लगेच निघायचे. ह्यांना दीड मिनिट विसावा मिळायचा, मला काहीच नाही. ह्यांच्या मनात मात्र ते माझ्यासाठी थांबत होते! मलाही हे कळायला तीन आठवडे लागले. आता जो पुढे जाईल त्यानं थांबायचं नाही, मागे वळून दुसऱ्यापर्यंत यायचं आणि तिथून पुन्हा सोबत निघायचं. ह्यांचं पळणं जास्त होतं, माझी लय तुटत नाही. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही आमची खूण. वाक्य मध्येच तुटलं, की वेग कमी करायचा.

पण सगळ्यात महत्त्वाचं अजून पुढे आहे. तिसऱ्या आठवड्यातला व्यायाम मला दोनदा करूनही जमेना. जिना चढतानाही छाती धडधडायची. "जरा मनावर घे," हे म्हणाले, आणि मीही स्वतःला तेच सांगत राहिले. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२. बाईचं किमान १२ हवं. रक्तच कमी, तर स्नायूंना प्राणवायू कुठून मिळणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्या म्हणाले. तीन महिन्यांनी ११.८ झालं, आणि त्याच रस्त्यावर मी वेगळीच बाई होते. बायांनो, बूट घ्यायच्या आधी रक्त तपासा. आणि छातीला नीट आधार देणारी ब्रा घ्या. बुटांवर दुकानदार अर्धा तास बोलला, ब्राचं मात्र मला कुणीच सांगितलं नाही.

आमच्या एका आत्याबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं पळू नये, पिशवी खाली येते." त्यांचा राग नाही आला. बाईच्या शरीराला लांब पल्ल्याचं पळणं झेपणार नाही, असं जगभर मोठमोठे लोक मानत होते. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्या जेमतेम आधी. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. दुष्काळी गावातली पोर! आत्याबाईंना मी तिचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "पोरीचे पाय बघ गं कसे आहेत."

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा न थांबता ५ किलोमीटर पळाले, ४३ मिनिटांत. हे ३४ मिनिटांत करतात. मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही सोबत पळतो, रविवारी सोबत निघून ज्याचं त्यानं पळायचं. रविवारचं ते एकटं पळणं मला फार प्रिय झालंय. घाटात वर गेलं, की वळणावर अजिंक्यतारा समोर येतो, खाली सगळं शहर दिसतं, आणि त्या वेळी मला कुणीही हाक मारत नाही. वळून येताना हे दिसतात, दोघं हात वर करतो आणि आपापल्या दिशेनं जातो.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून याच घाटातून जाते. यंदा आम्ही रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला उभे राहणार. २१ किलोमीटर अजून खूप लांब आहेत.

साताऱ्यातलं कुणी जोडपं नव्यानं सुरू करणार असेल, तर मंगळवारी सकाळी सहा वाजता घाटाच्या पायथ्याशी या. ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं ते मात्र आधी घरी बोलून घ्या.