डॅशकॅमच्या (गाडीतल्या कॅमेऱ्याच्या) क्लिपबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

जालन्यातल्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'नवा कायदा आला. अपघाताची डॅशकॅम क्लिप वकिलाला व्हॉट्सॲप करा, प्रमाणपत्राची भानगड संपली.' संपलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम हा पुराव्यांचा नवा कायदा लागू झाला, हे खरं. पण क्लिपसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमातलं प्रमाणपत्र आता नव्याच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि काम उलट वाढलंय. त्याचे दोन भाग झालेत: एक क्लिप देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठशासारखा आकडा, लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सहसा दाबून लहान होतो, म्हणजे हॅश बदलली. मग कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातल्या मूळ फाइलशी ती जुळणार कशी?

गंमत म्हणजे प्रमाणपत्र लागतंच हा नियम पक्का झाला तो आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, २०२०. मूळ यंत्रच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र लागत नाही, एवढी सवलत त्यात आहे.

तेव्हा अपघातानंतर आधी कार्ड काढून खिशात टाका. ते भरलं की कॅमेरा जुन्यावरच नवं रेकॉर्ड करत जातो.