बांबूच्या रोपांचं ते जिवाणूवालं फॉरवर्ड

परत तोच मेसेज फिरतोय. बांबूच्या रोपांना रायझोबियम या जिवाणूचं कल्चर (पाकिटात किंवा द्रवात मिळणारे जिवंत जिवाणू) द्या, हवेतला नत्र (नायट्रोजन) फुकट मिळतो, खताचा दाणासुद्धा लागत नाही, रोप दिवसाला फूटभर वाढतं, एकदा दिलं की जन्मभर बघायला नको. खाली दोन रोपांचा फोटो, एक मरतुकडं, एक टरारलेलं. मी स्वतः कल्चर वापरतो म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

दिवसाला फूटभर हे रोपाचं नाहीच मुळी. जुन्या बेटातून जो नवा कोंब निघतो तो तसा वाढतो, काही जातींत तर 24 तासांत 90 सेंमीच्या आसपास, पण तो जगतो जमिनीतल्या कंदात साठवलेल्या अन्नावर. बियापासून आलेल्या पोराकडे तो साठा कुठला, ते आधी मुळं आणि कंद बनवायच्या मागे असतं.

मग रायझोबियम. तो शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करतो, त्या गाठींतच हवेतला नत्र पकडतो, आणि बांबू पडलं गवत, गाठी येणारच नाहीत, विषय संपला. गवताशी जमतं ते अ‍ॅझोस्पिरिलम या दुसऱ्या जिवाणूचं. 1970 च्या दशकात ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांशी याचं नातं दाखवलं तेव्हा सगळ्यांना नत्राचीच आशा होती, पण पुढे लक्षात आलं की फायद्यातला मोठा वाटा ऑक्झिनचा आहे, म्हणजे हे जिवाणू मुळाशी बसून हार्मोन सोडतात, त्याने बाजूची मुळं आणि केसमुळं वाढतात आणि रोप पिशवीत आहे तेच पाणी, तेच अन्न जास्त ओढतं. आहे तेच! पिशवीत नुसती वाळू आणि कोकोपीट भरलं असेल तर ओढणार काय? स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पण तसंच, ते आम्ल सोडून मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात, नवा तयार करत नाहीत. म्हणून खत बंद नाही, बेतानं. उलट युरियाचा मारा केला तर नत्र स्थिर करणारं एन्झाइमच थंडावतं, तेही चुकीचं.

"जन्मभर"चं म्हणाल तर मातीतले मूळचे जिवाणू पाहुण्यांना टिकू देत नाहीत, संख्या घटत जाते, पिशवी बदलताना परत द्यावं लागतं. आणि उन्हात पडलेलं पाकीट किंवा त्याच दिवशी तांब्याचं बुरशीनाशक, म्हणजे मेलेलेच जिवाणू घातले समजा. (आणि ट्रायकोडर्मा जिवाणू नाही हो, बुरशी आहे, मेसेजवाल्याने तोही यादीत कोंबलाय.)

आता तो फोटो. शेजारच्या रोपाला काय दिलं होतं, काहीच नाही? मग फरक जिवाणूंचा कशावरून, कल्चरसोबत पावडर जाते, द्रवरूप असेल तर त्यातलं पोषण जातं, रोपाला तेवढंही पुरतं कधीकधी. खरं बघायचं तर एकाच बियाण्याची, एकाच मातीतली रोपं तीन ट्रेमध्ये लावा, एकाला काही नाही, एकाला कल्चर, एकाला तेच कल्चर नीट उकळून गार केलेलं, म्हणजे जिवाणू मेलेले पण पावडर आणि पोषण तेच. जागा अधूनमधून बदला, नाहीतर ऊन ज्याला जास्त तो जिंकणार. शेवटी नुसती उंची मोजू नका, काही रोपं उपटून मुळं धुवा, वाळवा, वजन करा, खरा फरक तिथेच दिसतो.

त्या उकळलेल्या ट्रेचा फोटो कुणी टाकला तर मी स्वतः फॉरवर्ड करीन.